दम पुढे, सांधे मागे

पावसाळा ओसरला, पहाटेच्या हवेत गारवा आला, की आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात एका वेगळ्या प्रकारच्या रुग्णांची ये-जा सुरू होते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावण्याचा कुणी संकल्प केलेला असतो, कुणी सोसायटीतल्या धावणाऱ्यांच्या गटात सामील झालेले असते, तर कुणाला रक्तातील साखरेचा आकडा पाहून आम्हीच ‘हालचाल वाढवा’ असा सल्ला दिलेला असतो. चार-सहा आठवडे मोठ्या उत्साहात जातात. मग एके दिवशी जिना उतरताना गुडघ्यात कळ येते, किंवा रात्री कुशीवर वळताना खुबा ठणकतो, आणि नवा धावपटू काहीसा ओशाळून आमच्यासमोर येऊन बसतो.

त्याचे प्रश्न बहुधा दोनच असतात. ‘डॉक्टर, माझे गुडघे झिजले का?’ हा पहिला. दुसरा प्रश्न सोबत आलेली पत्नी, आई किंवा मुलगा विचारतो : ‘आता धावणे बंदच करायला हवे ना?’ बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे असते. थोड्या रुग्णांना मात्र ‘आजपासून एक पाऊलही धावू नका’ असे निक्षून सांगावे लागते. पहिल्या गटातील माणसाने भीतीपोटी व्यायाम सोडणे आणि दुसऱ्या गटातील माणसाने जिद्दीपोटी धावत राहणे, दोन्हींत सारखेच नुकसान आहे. आपले दुखणे कोणत्या गटातले, हे वाचकाला घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दुखणे पाचव्या-सहाव्या आठवड्यातच का?

धावू लागल्यावर शरीराचे सर्व भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण ही लवकर शिकणारी मंडळी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच त्यांच्यात फरक पडू लागतो. पूर्वी ज्या वेगाला धाप लागत असे, त्याच वेगाने धावताना आता शेजाऱ्याशी बोलता येते. स्नायूंना बळ यायला त्याहून अधिक, साधारण दीड-दोन महिने लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि प्रत्यक्ष हाडे मात्र सर्वांत मागे असतात. कंडरांना रक्तपुरवठाच बेताचा असतो. हाडाची रीत तर आणखी निराळी. नवा भार पडू लागला की हाड आधी आपला जुना भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवा, अधिक मजबूत भाग रचते. भिंतीची डागडुजी करणारा गवंडीही आधी सैल झालेला गिलावा खरवडून काढतोच की! हे चक्र पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा तात्पुरती किंचित कमकुवत असते.

म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात परिस्थिती अशी असते : दम म्हणतो, ‘आणखी दोन किलोमीटर सहज होतील’; हाडे आणि कंडरा म्हणतात, ‘अजून थोडा वेळ द्या’. दमाचा आवाज मोठा असतो, म्हणून आपण त्याचेच ऐकतो. नव्या धावपटूच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या विसंगतीत आहे. ते झिजेचे लक्षण नव्हे; तयारीपेक्षा भार अधिक वेगाने वाढल्याची ती तक्रार आहे.

भार म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. धावताना पाऊल टेकते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या पायावर प्रत्येक वेळी १४० ते २१० किलोचा. पाच किलोमीटर धावताना नवशिक्याची सुमारे ६,००० पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पायावर हा जोर सुमारे ३,००० वेळा. आठवड्यात एकदा पाच किलोमीटर धावणारा माणूस पुढच्या आठवड्यात चार दिवस धावू लागला, तर हिशेब कुठल्या कुठे जातो.

धावल्याने गुडघे झिजतात का?

सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जातो आणि सैल सुटतो, त्या क्रियेतूनच सांध्यातील द्रवामार्फत तिला पोषण मिळते. तेव्हा माफक भार हे कूर्चेचे अन्न आहे, विष नव्हे. २०१७ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात हौशी धावपटूंमध्ये खुब्याच्या व गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये सुमारे १० टक्के आणि स्पर्धांमध्ये उच्च पातळीवर धावणाऱ्यांमध्ये सुमारे १३ टक्के आढळले. ज्यांचे सांधे मुळातच चांगले तेच धावत राहतात, हाही त्यातला एक भाग असू शकतो. परंतु हौसेने, बेताने धावणे सुदृढ गुडघ्याला खाऊन टाकते, या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

ज्यांच्या गुडघ्याच्या गादीची किंवा अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेली आहे, ज्यांना संधिवाताचे निदान झाले आहे किंवा ज्यांचे वजन बरेच अधिक आहे, त्यांनी मात्र धावण्याची सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि चालण्यापासून करावी. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असल्यास चाळिशीनंतर प्रथम हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे वेगळे सांगायला नकोच.

दुखते कुठे, ते बोटाने दाखवा

‘कंबर दुखते’ असे म्हणून आमचे रुग्ण पाठीच्या खालच्या भागापासून कुल्ल्यापर्यंत कुठेही हात फिरवतात. ‘खुबा’ हा शब्दही कुणी बाहेरच्या हाडासाठी वापरतो, कुणी जांघेसाठी. निदान मात्र जागेवर ठरते. म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका बोटाने नेमकी जागा शोधून ठेवावी. नव्या धावपटूंत साधारण चार जागा आढळतात.

पहिली, गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीच्या मागे. हे सर्वांत अधिक आढळणारे दुखणे. जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा गुडघे दुमडून फार वेळ बसल्यानंतर, उदाहरणार्थ नाटक संपल्यावर खुर्चीतून उठताना, ते वाढते. सूज बहुधा नसते. चिवट असले तरी व्यायामाने बरे होणारे हे दुखणे आहे.

दुसरी, गुडघ्याची बाहेरची बाजू. खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा जातो. त्याच्या खालच्या टोकाशी हे दुखणे उद्भवते. याची खूण अशी की ते आरंभी नसते, दर वेळी ठरावीक अंतरानंतर, समजा तिसऱ्या किलोमीटरला, सुरू होते आणि थांबल्यावर शमते. उतारावर ते हमखास वाढते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरावा लागतो. अशा स्पर्धेची तयारी करणारे चढाच्या धास्तीने चढाचा सराव करतात. गुडघ्याची खरी परीक्षा मात्र उतारावर होते.

तिसरी, खुब्याचे बाहेरून हाताला लागणारे टणक हाड. त्या कुशीवर झोपले की ठणकते, एका पायावर उभे राहून कपडे चढवताना कळ येते. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांत हे विशेष आढळते. खुब्याच्या बाजूच्या स्नायूंच्या कंडरांवर ताण आल्याने ते होते. रात्री दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, दुसऱ्या कुशीवर झोपल्याने आराम पडतो.

चौथी जागा जांघेची, आणि तिच्याविषयी सविस्तर सांगायलाच हवे.

जांघेतील दुखणे : येथे धाडस नको

काही वर्षांपूर्वी ३९ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या. तीन महिन्यांत शून्यापासून दहा किलोमीटरपर्यंत मजल मारली होती. वजन कमी व्हावे म्हणून रात्रीचे जेवण जवळपास बंद केले होते. पाळी दोन महिने आली नव्हती. त्याचे कारण त्यांनी वयावर ढकलले होते. जांघेत खोलवर दुखत होते, पण ‘स्नायू ताणला असेल’ असे समजून रोज धावण्यापूर्वी त्या वेदनाशामक गोळी घेत. हल्ली साधे चालतानाही दुखते आणि रात्री त्या दुखण्याने जाग येते, असे त्यांनी सांगितले तेव्हा मी त्यांना खुर्चीतून फार हालचाल न करता बसून राहायला सांगितले.

एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. त्यांना हायसे वाटले, परंतु या दुखण्यात सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसणे हे नेहमीचेच आहे. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याच्या गोळ्याला उर्वरित हाडाशी जोडणाऱ्या अरुंद भागाला, ताणामुळे पडलेली बारीक चीर दिसली. सुदैवाने ती मानेच्या आतल्या, खालच्या बाजूला होती. तेथे हाड दाबले जाते, त्यामुळे चीर विश्रांतीने सांधण्याची शक्यता बरीच असते. वरच्या बाजूला असती, तर ती रुंदावण्याचा धोका मोठा, आणि अस्थिरोगतज्ज्ञांना बहुधा स्क्रू बसवावे लागले असते. ही मान पुरती मोडली तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ऐन चाळिशीत खुबा बदलण्याची पाळी येऊ शकते. त्या शिक्षिकांना काही आठवडे कुबड्या वापराव्या लागल्या, आहार सुधारावा लागला, कमी असलेले ड जीवनसत्त्व भरून काढावे लागले. पुढच्या वर्षी त्या पुन्हा धावू लागल्या, या वेळी सावकाश.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जांघेत खोलवर दुखणे, ते पायावर भार टाकल्यावर वाढणे आणि विश्रांतीतही न थांबणे, हे एकत्र असेल तर त्याच दिवशी धावणे थांबवून डॉक्टरांना गाठावे. ‘एका पायावर उडी मारून पाहू या’ असली परीक्षा घरी करू नये; चीर असेल तर तीच उडी हाड मोडायला पुरेशी ठरते. आणि पाळी अनियमित होणे हे धावण्याच्या प्रगतीचे लक्षण मुळीच नव्हे. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती सूचना असते, आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

ज्यांनी दम्यासाठी, त्वचारोगासाठी, कोविडच्या आजारपणात किंवा अन्य कारणाने स्टेरॉइडची औषधे घेतली आहेत, तसेच जे अधिक प्रमाणात मद्यपान करतात, त्यांच्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आपोआप कमी होऊन तो खचण्याचा विकार होऊ शकतो. त्याचीही पहिली तक्रार बहुधा जांघेतच असते. हा इतिहास डॉक्टरांना न विचारताच सांगावा. आणखी एक फसवी गोष्ट अशी, की खुब्याच्या सांध्यातील वेदना कधी कधी केवळ गुडघ्यात जाणवते. गुडघ्याचे फोटो चांगले आणि गुडघा तपासताना कुठेच दुखत नाही, असे असेल तर खुबा तपासायलाच हवा.

थांबावे, कमी करावे की चालू ठेवावे?

वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. धावताना तीनपर्यंत गुण, लंगडणे नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत स्थिती : असे असेल तर त्याच अंतरावर, अंतर न वाढवता, चालू ठेवायला हरकत नाही. चार-पाच गुण, किंवा दुसऱ्या दिवशीही कायम राहणारे दुखणे : अंतर निम्म्यावर आणावे, एक दिवस अधिक विश्रांती घ्यावी, उतार टाळावा. त्याहून अधिक वेदना, किंवा चालच बदलली असेल : थांबावे. जांघेतील खोल दुखण्याला मात्र हे गुण लागू नाहीत, हे पुन्हा बजावतो.

पुढील लक्षणांत वाट पाहू नये : गुडघ्यावर लगेच सूज चढणे, गुडघा अडकून सरळ न होणे किंवा अचानक दगा देणे, पायावर भार टाकता न येणे, सांधा लाल, गरम होऊन ताप येणे, एकाच पोटरीला सूज व वेदना असणे.

साध्या दुखण्यासाठी लगेच एमआरआय करण्याचा आग्रह धरू नये. चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्या गुडघ्यांतही गादीला चिरा, कूर्चेत बदल दिसतात. वयानुसार केस पांढरे व्हावेत तसे ते असते. अहवालातील शब्द वाचून निष्कारण धास्तावलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दुखते गुडघ्यात, दुरुस्ती खुब्यात

गुडघा हा खुबा आणि पाऊल यांच्यामध्ये सापडलेला सांधा. खुब्याच्या बाजूचे स्नायू दुबळे असतील तर एका पायावर भार येताच कटी दुसऱ्या बाजूला कलते, मांडी आत वळते आणि वाटीवर आडवा ताण येतो. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत काढणाऱ्यांचे हे स्नायू बहुधा दुबळेच असतात. आरशासमोर एका पायावर उभे राहून गुडघा थोडा वाकवून पाहा. तो अंगठ्याच्याही आत झुकत असेल, तर कामाची दिशा कळली.

पुढील व्यायाम एक दिवसाआड करावेत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, टाच किंचित मागे ठेवून सावकाश उचलावा व सावकाश खाली आणावा. सेतुबंधासनात कंबर उचलून पाच सेकंद थांबावे. सवय झाल्यावर तेच एका पायावर करावे. भिंतीला पाठ टेकून, दुखणार नाही इतकीच अर्धी बैठक घ्यावी. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवावी, गुडघा आत झुकू न देता. प्रत्येकाच्या दहा-बारा आवृत्त्या, तीन वेळा. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नये.

धावण्याची पद्धत थोडी बदलली तरी फायदा होतो. ढांग लहान ठेवावी आणि पावलांची गती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवावी. मिनिटाला १६० पावले पडत असतील, तर ती १७० करावीत. वेग तोच राहतो, पण प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर व खुब्यावर येणारा भार कमी होतो. रस्त्याच्या कडेला उतार असतो. रोज एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत खाली पडतो. म्हणून शक्यतो मैदानावर किंवा सपाट जागी धावावे.

अगदी नवशिक्यांनी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे २०-२५ मिनिटे, आठवड्यातून तीनच दिवस करावे. दर आठवड्याला धावण्याचे अंतर किंचित वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे. दम अधिक मागेल. त्याला सायकल, पोहणे किंवा भरभर चालणे द्यावे.

बूट महाग असावेत असे नाही. पायात आरामदायक वाटावेत, पुढे बोटांना जागा असावी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्यांची गादी बसते, तेव्हा बदलावेत. गुडघ्याचा पट्टा वापरून धीर येतो, पण बळ येत नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. ती दुखण्याचे कारण दूर करत नाही, केवळ सूचना बंद करते. शिवाय घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. धावल्यानंतर दुखऱ्या जागी दहा-पंधरा मिनिटे कापडात गुंडाळलेला बर्फ धरावा, तेवढे पुरते. आहारात डाळी, दूध-दही, नाचणी, तीळ, अंडी असावीत, आणि धावायला लागल्यावर जेवण तोडू नये. शाकाहारी घरांत प्रथिने कमी पडतात. तिकडे गृहिणींनी स्वतःच्या ताटातही लक्ष घालावे.

शेवटचे चार शब्द घरच्यांसाठी. चाळिशी-पन्नाशीत धावू लागलेल्या माणसाचा गुडघा दुखला, की ‘या वयात कुणी सांगितले होते?’ हे वाक्य घरोघरी उच्चारले जाते. त्यामुळे एक तर तो व्यायाम कायमचा सोडतो, नाहीतर दुखणे लपवून धावत राहतो. दोन्ही वाईट. त्याऐवजी ‘नेमके कुठे दुखते?’ आणि ‘सकाळपर्यंत थांबले का?’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर जांघेचे असेल तर त्याला हाताला धरून दवाखान्यात आणावे. वाटीचे असेल तर संध्याकाळी शेजारी सतरंजी अंथरून त्याच्यासोबत सेतुबंधासन करावे. मॅरेथॉन दर जानेवारीत येते. एखादा जानेवारी चुकला तरी चालेल. तयारी तीन महिन्यांऐवजी नऊ महिन्यांत झाली, तर पुढची अनेक वर्षे धावता येते.